बर्फातलं गुऱ्हाळ

नमस्कार श्रोतेहो.

गुऱ्हाळ म्हटलं की आपल्याला चरक, काहील आणि चुलवाण आठवतं. आज ज्या गुऱ्हाळावर तुम्हाला नेणार आहे तिथं ऊसच नाही. रस येतो झाडाच्या खोडातून, तोही बाहेर गुडघाभर बर्फ असताना.

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं छोटं राज्य आहे. तिथल्या कितीतरी घरांच्या शेतात, गोठ्यामागच्या उतारावर, शुगर मेपलची राई असते. फेब्रुवारी सरता सरता घरची माणसं ड्रिल घेऊन राईत शिरतात. खोडाला ८ मिलिमीटर रुंद, जेमतेम २ इंच खोल भोक, त्यात तोटी, तोटीला बादली. झाड चाळिशीचं झाल्याशिवाय त्याला सहसा हात लावत नाहीत. गेल्या वर्षीच्या भोकाशेजारी नवं भोकही पाडत नाहीत.

रस कधी वाहायचा हे मात्र हवा ठरवते. रात्री पाणी गोठायला हवं, दिवसा ऊब हवी. गोठताना खोड मुळांकडून पाणी ओढून घेतं. दुपारी आतला बर्फ वितळला की दाब वाढतो आणि रस भोकातून बाहेर येतो. नुसती थंडी असेल तर थेंब नाही, नुसती ऊब राहिली तरी धार आटते. चार-सहा आठवड्यांत असे जे दिवस मिळतील, तीच सुगी.

आणि हा रस प्यायलात तर म्हणाल, अहो, हे पाणीच आहे! साखर शेकडा २ च्या आसपास. उसाच्या रसात ती सात-आठ पट असते. म्हणून १ लिटर पाकाला सुमारे ४० लिटर रस लागतो. बाकीचं सगळं वाफ होऊन छपराच्या झरोक्यातून जातं. आपल्याकडे उसाचंच चिपाड चुलवाणात जातं, यांना तशी सोय नाही. आधीच फोडून वाळवलेली लाकडं लागतात, आणि ती ढीगभर. त्यात रस दुधासारखा नासतो, तेव्हा दिवसा गोळा केलेला रात्री जागून आटवायचा. फेस चढला की लोण्याचा एवढासा गोळा टाकायचा, लगेच बसतो. आपले गुळवे तेलाचा शिंतोडा देतात तेच हे.

पारा १०४ अंशांवर गेला आणि पळीवरून पाक थेंबाथेंबानं न पडता पडद्यासारखा लोंबला, की उतरवायचा. म्हणजे आपली काकवीच म्हणा ना. आणखी आटवला तर साखर होते. अबेनाकी आणि इतर मूळ रहिवासी गोरे लोक येण्याआधीपासून ती करत. साखर टिकते, पाठीवर टाकून नेता येते.

एप्रिलमध्ये कळ्या फुगल्या की रसाला उग्र वास मारतो. मग तोट्या उपटायच्या. पण त्याआधी पोरांची मजा असते. ताज्या बर्फावर दाट, गरम पाक ओततात, तो चिवट होतो, मग काट्यानं गुंडाळून खातात. सोबत डोनट आणि, विश्वास ठेवा, आंबट काकडीचं लोणचं. गोड तोंडाला बसलं की लोणच्याचा एक तुकडा, आणि पोरं पुन्हा थाळी पुढं करतात.