ड्रोन उचलताच गोल फिरतोय? आधी पिकअपपासून लांब व्हा

नमस्कार मंडळी. सोयाबीनची फवारणी सुरू झाली की कमेंटमध्ये एकच रड असते : "दादा, ड्रोन उचलला की गोल गोल फिरतो, कंपनीनं फसवलं." फसवलं असेलही. पण आधी सांगा, उडवला कुठून? बहुतेक जण म्हणतात, पिकअपच्या शेजारून.

बाकीची तपासणी भरभर सांगतो, ट्रेनिंगमध्ये शिकवलेलीच आहे. आर्मचे (पंखे बसवलेल्या दांड्यांचे) लॉक हातानं हलवून बघा. पात्याला चीर नको. बॅटरी फुल, पट्टा घट्ट, टाकीचं झाकण बंद. ड्रोन आपोआप परत येण्याची उंची बांधावरच्या बाभळीपेक्षा आणि विजेच्या तारांपेक्षा जास्त ठेवा. झालं.

आता कंपास, म्हणजे ड्रोनमधलं होकायंत्र. आपलं तोंड कुठं आहे, हे ड्रोनला त्याच्यावरून कळतं. पिकअपसारखं लोखंड जवळ आलं की त्याची उत्तर दिशा सरकते. ड्रोन जागेवर यायला बघतो, पण दिशाच चुकलेली, मग भलतीकडं जातो. सुधारतो, परत चुकतो. गोल मोठा होत जातो तो असा.

"मी तर रोज कॅलिब्रेशन करतो, ड्रोन फिरवून कंपास नीट जुळवून घेतो." अरे बाबा, करतोस कुठं? ट्रॅक्टरला टेकून! लोखंडाशेजारी कॅलिब्रेशन करणं म्हणजे चूक पक्की करून ठेवणं. रोज करायची गरजही नाही. ॲप मागेल तेव्हा करा, नाहीतर लांबच्या गावाला गेल्यावर. ड्रोन उचलून फिरवणाऱ्यानं हातातलं कडं आणि खिशातला मोबाईल बाजूला ठेवायचा. कडं कुणी काढतच नाही राव!

आणि लोखंड नुसतं डोळ्यांना दिसणारंच नसतं. जिंतूरकडं एका पोरानं पिकअप पार रस्त्यावर लावली होती, तरी ॲप ओरडतच होतं. उभा होता सिमेंटच्या ओट्यावर, आत सळया. वावरात दहा-पंधरा पावलं गेला आणि एरर गेला. बोअरची केसिंग, विहिरीवरची मोटर, तीच गत.

बघ्यांचं बोलतो जरा. ड्रोन नियम 2021 प्रमाणं 2 ते 25 किलोचा ड्रोन 'स्मॉल' गटात येतो, आपले 10 लिटर टाकीचे बहुतेक त्यातलेच. त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. ते खिशात असलं तरी पोरं पात्याजवळ सेल्फी काढत असतील, तर तुम्ही उडवायचंच नाही. रागावू द्या त्यांच्या बापाला.

एकानं विचारलंय, "युरियाची गोणी अंथरली तर चालते का?" नाही चालत. हवेनं उडून पात्यातच जाते. ओल्या काळ्या रानात एक पाय रुतला तर ड्रोन उचलतानाच कलंडतो, म्हणून सपाट प्लायवूड टाका.

पहिलं उड्डाण रिकाम्या टाकीनं. दोन-तीन मीटरवर थांबवा, रिमोटच्या स्टिक सोडून द्या आणि नुसतं बघा. जागेवर राहिला तर औषध भरा. फिरायला लागला तर ओढाताण न करता लगेच खाली घ्या, आणि जागा बदला.