पहिल्या पावसाचे पिवळे बेडूक

जून महिन्यात गोव्यात पावसाची पहिली मोठी सर कोसळून गेली की, त्याच रात्री भातशेतांच्या सखल कोपऱ्यांत साचलेल्या उथळ पाण्यात हे दृश्य दिसू लागते. लिंबासारख्या पिवळ्या अंगाचे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना गर्द निळे फुगे फुगवून डरकणारे हे नर म्हणजे इंडियन बुलफ्रॉग, भारतातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक. वर्षाचा बहुतेक काळ हाच नर मळकट, हिरवट-तपकिरी असतो आणि कोरड्या महिन्यांत मातीखाली किंवा बांधांच्या बिळांत दडून राहतो. पाऊस पडताच तो उघड्यावर येतो आणि काही तासांतच त्याचा रंग पालटतो. शेकडो बेडूक एकाच डबक्यात गोळा झालेले असताना मादी कोण आणि प्रतिस्पर्धी कोण, हे नरांना ओळखता यावे यासाठी हा रंग असावा, असे अभ्यासकांना वाटते.

पाण्याच्या कडेला दिसणारी ही मोठ्या आकाराची, साध्या रंगाची मादी. तिच्या पोटात या वेळी हजारो अंडी असतात. नर तिला पाठीवरून घट्ट धरतो, दुसरे नर मध्ये घुसू पाहतात, ढकलाढकली होते आणि हे सारे पहाटेपर्यंत चालते. अंडी याच उथळ पाण्यात पडतात. त्यांतून बाहेर येणारी पिल्ले मांसाहारी असतात. ती डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडकांची पिल्ले खातात आणि प्रसंगी एकमेकांनाही सोडत नाहीत, कारण डबके आटण्याआधी त्यांना वाढ पुरी करायची असते.

आता शेतात हलणारा हा बेडूक पकडणाऱ्यांचा उजेड पाहा. पूर्वी गॅसबत्ती असे, आता बॅटरी असते. डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला की बेडूक जागच्या जागी थिजतो आणि माणूस त्याला हाताने उचलून पोत्यात टाकतो. नर कोठे आहेत, हे शोधण्याचीही गरज नसते, कारण त्यांचा आवाज दूरवर पोहोचतो आणि त्यांचा पिवळा रंग उजेडात लपत नाही. ज्या आवाजाने आणि रंगाने त्यांची वीण साधते, त्यांनीच त्यांचा ठाव लागतो. पोत्यातले बेडूक घरोघरी जातात, काही हॉटेलांत जातात आणि तेथे ‘जंपिंग चिकन’ या नावाने फक्त त्यांच्या तंगड्या ताटात येतात.

ही मागणी केवळ गोव्याची नव्हती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला काही हजार टन तंगड्या परदेशी जात होत्या. मुंबईचे निसर्ग अभ्यासक हुमायून अब्दुलाली यांनी या व्यापाराविरुद्ध सातत्याने लिहिले. शेतातले किडे खाणारा प्राणी विकून कीटकनाशके विकत घेण्याचा हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, हे हळूहळू पटत गेले. 1985 मध्ये या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि 1987 मध्ये भारताने तंगड्यांची निर्यातच बंद केली. निर्यात थांबली, स्थानिक शिकार मात्र उरली.

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या बेडकाला पकडणे, मारणे आणि विकणे गुन्हा आहे व त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. अंडी घालण्याआधीच मादी पोत्यात गेली तर त्या शेतातली पुढची पिढीही तिच्याबरोबर जाते. पहिल्या सरींच्या रात्री वन खात्याची पथके गस्त घालतात, परंतु गोव्यातल्या बार्देश तालुक्यापासून सासष्टी तालुक्यापर्यंत पसरलेल्या शेतांच्या मानाने ती थोडी पडतात. म्हणूनच आपल्या शेतात अशा रात्री बॅटरीचा उजेड फिरताना दिसला, तर त्याच वेळी वन खात्याला कळवावे. सकाळपर्यंत थांबल्यास बेडूक शेतात राहिलेले नसतात.