बी पेरलं, पुढे मोजणार कोण?

(दृश्य: जमिनीवर टेकवलेली चौकट)

एक मीटर लांब, एक मीटर रुंद. या चौकटीवर वाकून विद्यार्थिनी एकेक रोप ओळखते, मोजते, वहीत टिपते. उजाड झालेल्या जमिनीवर स्थानिक वनस्पती परतल्या का, हे अशा मोजणीतूनच कळतं.

पण या वनस्पती परत आणण्याच्या कामाची सुरुवात होते बियांपासून. एका जातीचं बी शक्यतो ५० तरी झाडांवरून घ्यायचं. दोन-चार झाडांवरूनच घेतलं तर पुढची सगळी रोपं भावंडं होतात. एक रोग आला की सगळीच धोक्यात. पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त उचलायचं नाही, नाहीतर मूळ जागेवरच टंचाई.

(दृश्य: ब्लेडने कापलेलं बी)

मग थोड्या बिया कापून बघायच्या. आत पांढरा, भरीव गर असेल तर आशा आहे. पोकळ निघालं, किंवा आत अळी निघाली, तर पोतंभर बी असूनही उपयोग नाही. चांगलं बीही लगेच रुजेलच असं नाही. कठीण कवच सँडपेपरवर घासावं लागतं. काही बिया ओलसर वाळूत, थंडीत, कित्येक आठवडे ठेवाव्या लागतात. हे न करता पेरणी केली की रुजवण होत नाही आणि दोष जमिनीला लागतो.

पेरलेल्या वाफ्यांशेजारी न पेरलेले वाफेही हवेतच. ते नसतील तर मातीत आधीपासून पडून असलेल्या बियांतून काय उगवलं, हे वेगळं काढता येत नाही. पैसे कमी पडले की आधी हेच वाफे गाळले जातात. तसं होऊ देऊ नये.

पहिल्या वर्षी तणं आणि हंगामी रोपं जोरात असतात. बहुवर्षायू गवतं, झुडपं तेव्हा मुळं धरत असतात. पदव्युत्तर प्रबंध बहुतेकदा नेमका इथेच संपतो, आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून अशा कामाला पैशांची मदत करायचीच तर तिसऱ्या, पाचव्या वर्षाच्या मोजणीसाठी, आणि कोवळी रोपं ओळखणाऱ्या जाणकाराच्या मानधनासाठीही पैसे बाजूला ठेवा.

आणि तीच जागा पुन्हा सापडावी म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोका. लाकडी कुजतात, साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक राहते.

(दृश्य: गवतात फिरणारा धातुशोधक)

खुंटी सापडली. नवा विद्यार्थी चौकट त्याच जागी टेकवतो आणि पहिलं रोप मोजायला घेतो.