५४५ मैल आणि त्याआधीचे फोन

(पहाटेचा अंधार. सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेलं काऊ पॅलेस हे मोठं सभागृह. सायकलींचे लुकलुकते दिवे.)

जून २०२५. एड्सविरुद्धच्या कामासाठी पैसा उभा करणाऱ्या ‘एड्स/लाइफसायकल’ची ही शेवटची सायकल राइड. इथून निघायचं आणि सात दिवसांत ५४५ मैल, म्हणजे जवळजवळ ८७७ किलोमीटर तुडवत लॉस एंजेलिस गाठायचं. निघण्याआधी गर्दीतून एक रिकामी सायकल हाताने धरून नेतात. एड्सने ज्यांना नेलं, त्यांच्या नावाची ती सायकल. ती समोरून जाते तेव्हा हेल्मेटचे पट्टे आवळणारे हातसुद्धा थांबतात.

१९९४ साली ‘कॅलिफोर्निया एड्स राइड’ या नावाने ही राइड पहिल्यांदा निघाली. एचआयव्हीला आवर घालणारी एकत्रित औषधं त्यानंतर दोन वर्षांनी, १९९६ मध्ये आली. म्हणजे त्या पहिल्या वर्षी सायकल चालवणाऱ्या कितीतरी जणांनी घरातलं माणूस नुकतंच पोचवलेलं होतं. २००२ पासून ती ‘एड्स/लाइफसायकल’ या नावाने निघू लागली. जमलेला पैसा दोन संस्थांना जायचा, सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशन आणि लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटर. त्यातून मोफत चाचण्या व्हायच्या, औषधोपचार व्हायचे, समुपदेशन व्हायचं. एकूण आकडा ३० कोटी डॉलरच्या पुढे गेला.

पण हा पैसा यायचा कुठून? प्रत्येक सायकलस्वाराने काही हजार डॉलर स्वतः मागून आणायचे असायचे. माझ्या मते खरा चढ तोच होता.

(स्वयंपाकघर. टेबलावर यादी आणि फोन.)

आमच्या टीममध्ये दोन नर्स, एक शाळेतल्या बाई, एक निवृत्त पोस्टमन, आणि मी, सांगलीची. शनिवार-रविवार डोंगरात सराव चालायचा, तो जमत गेला. संध्याकाळचे फोन मात्र जड जायचे. पैसे मागायचे तर आधी आजाराचं नाव घ्यावं लागतं.

मावशीला फोन लावला. ती म्हणाली, “कॅन्सरसाठी आहे का गं?”

“नाही मावशी, एचआयव्हीसाठी.”

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग हळूच, “आपल्यात कुणाला झालंय का?”

सांगलीत नव्वदच्या दशकात हा आजार घराघरांत शिरला होता. आमच्या गल्लीतले एक काका गेले तेव्हा सगळे टीबी म्हणाले. घरचेही तेच म्हणाले. मावशीला ते आठवत होतं. त्या दिवशी आम्ही काकांबद्दल पहिल्यांदा खरं बोललो. तासभर बोललो.

टीममधल्या प्रत्येकाकडे असा एक तरी फोन आहे. म्हणून मला वाटतं, इथला एकेक डॉलर कुणाशी तरी बोलून आलाय, आणि ते बोलणंसुद्धा या राइडची कमाईच आहे.

(सॅलिनास खोरं. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं.)

दुसऱ्या दिवशीचा टप्पा शंभर मैलांच्या पुढचा. स्ट्रॉबेरीची, लेट्यूसची शेतं, त्यांत वाकून काम करणारे मजूर, आणि पाठीशी वारा. एकामागे एक लागून चाललो होतो. पुढचा ओरडतो, “ग्लास!” मागचा तेच ओरडतो, आणि काच पडल्याची खबर मैलभर मागे पोचते.

तिसऱ्या दिवशी किंग सिटीतून बाहेर पडलं की ‘क्वाडबस्टर’ येतो. चढ मैलभराचाच, पण मांड्या भरून येतात. पोस्टमनदादा तीस वर्षं एचआयव्हीसह जगताहेत. अर्ध्यात त्यांचा गिअर अडकला, चेन उतरली. ते रस्त्याच्या कडेला वाकून काळ्या बोटांनी चेन बसवत होते. तेवढ्यात आमच्या शाळेच्या बाई वरून परत खाली आल्या. वर पोचून त्या पाणी प्यायल्या होत्या, आणि पुन्हा उतरल्या होत्या. “चला,” एवढंच म्हणाल्या. उरलेला चढ दोघांनी शेजारी शेजारी चढला, माणूस चालेल त्या वेगाने. असं करणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. वर पोचलेले कितीतरी जण खाली येत होते.

दुपारी ब्रॅडली. शंभराच्या आतल्या वस्तीचं गाव. इथल्या छोट्या शाळेची मुलं आणि पालक राइडवाल्यांसाठी जेवण रांधायचे, बर्गर भाजायचे, आणि त्या पैशातून शाळेचे उपक्रम चालायचे. एका मुलीने माझ्या ताटलीत बर्गर ठेवला आणि विचारलं, “तुम्ही कुणासाठी चालवताय?” मी तिला काकांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

(लाल कपड्यांतल्या सायकलींची रांग.)

पाचव्या दिवशी सगळ्यांनी लाल घातलं. डोंगरवाटेवरून खाली वाहणारी ती लाल रेघ दुरून एड्सच्या रिबिनीसारखी दिसत होती. सहाव्या रात्री व्हेंचुराच्या किनाऱ्यावर मेणबत्त्या लागल्या. सातव्या दिवशी लॉस एंजेलिस. शेवटच्या वळणाआधी आमची टीम थांबली, सगळे आल्यावरच पुढे निघाली. दादा मधोमध होते. त्यांचा विषाणू औषधांमुळे चाचणीत दिसत नाही, इतका कमी आहे, आणि म्हणून लैंगिक संबंधातून त्यांच्यापासून तो कुणाला लागत नाही. हे ते प्रत्येक कॅमेऱ्यासमोर सांगतात. इथेही सांगा म्हणाले, म्हणून सांगितलं.

खर्च वाढला आणि सायकलस्वार कमी झाले, म्हणून ही राइड थांबली. मला त्याचं फार वाईट वाटतं.

घरी आल्यावर सांगलीहून फोन आला, मावशीच्या ओळखीतल्या एका मुलाचा. चाचणी कुठे करतात, विचारत होता. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, मोफत, नाव गुप्त ठेवतात, असं सांगितलं. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबरही दिला. त्याने तो दोनदा म्हणून दाखवला.