फोन साक्षीला न्यायचा

नमस्कार. आयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'प्रवासलेखकांसाठी उपयुक्त अ‍ॅप्स'. नुसती यादी वाचत बसले तर तुम्ही चहाला उठाल, आणि ते योग्यच होईल. यादी दर वर्षी बदलते. मी दिवाळी अंकासाठी आलेले प्रवासलेख निवडते आणि त्यातले तपशील तपासते. त्या टेबलावरून जे दिसतं तेवढंच सांगते. धुकं, पाऊस, पिठलं-भाकरी हे बहुतेकांना छान लिहिता येतं. लेख अडतो तो दुसरीकडे. गड नेमका कुठला? उंची कुठून घेतली? ही दंतकथा कुणी सांगितली? लिहायला बसेपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात आणि लेखकालाही आठवत नसतं. फोनचा उपयोग आहे तो इथे. वाक्यं त्याने लिहायची नाहीत, साक्ष द्यायची.

एक गड घेऊ. 'आम्ही भैरवगडावर गेलो' असं वाक्य येतं. कुठल्या? माळशेजच्या वाटेवर, मुरबाड तालुक्यात मोरोशीचा भैरवगड आहे. वरचा टप्पा सरळ कातळातला, दोर आणि जाणकार माणूस हवाच. अकोले तालुक्यात शिरपुंज्याचा भैरवगड आहे, तिथे माणसं भैरोबाच्या दर्शनाला जातात. त्याच तालुक्यात कोथळ्याचा वेगळा. शिवाय कोयनेकडच्या जंगलात हेळवाकचा. नेटवर नुसतं 'भैरवगड' शोधलंत, किंवा एखाद्या चॅटबॉटला विचारलंत, तर या सगळ्यांची भेळ हातात पडू शकते. शिरपुंज्याचं वर्णन वाचून कुणी मोरोशीला पोरंबाळं घेऊन गेलं तर? म्हणून पायथ्याशी पोचल्यावर नकाशाच्या अ‍ॅपमध्ये बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश येतील, ते नोंदवहीत चिकटवा. दशांशचिन्हापुढचे पाच आकडे म्हणजे साधारण एका मीटरची अचूकता. लेखात छापायची गरज नाही, पण तुमच्याकडे असू द्या.

नकाशा रेंज नसताना चालणारा हवा, हे तुम्हाला सांगायला नको. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो लोकांनीच भरलेला नकाशा आहे, आणि ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड या अ‍ॅपमध्ये तो आधी उतरवून नेता येतो. सह्याद्रीतल्या कितीतरी पायवाटा त्यात भटक्यांनीच घातल्या आहेत. त्यामुळे त्यावर गुराख्यांच्या वाटाही असतात आणि जानेवारीत नोंदवलेली, जुलैत ओढा होणारी वाटही असते. चालताना स्वतःचा ट्रॅक, म्हणजे चाललेली वाट, अ‍ॅपमध्ये नोंदवा आणि जीपीएक्स फाइल म्हणून जपून ठेवा. ती साधी मजकुराची फाइल असते: ठिकाण, उंची, वेळ. कुठलंही अ‍ॅप बंद पडलं तरी दुसऱ्यात उघडते. 'तासाभराची खडी चढण' असं तुम्ही लिहिता तेव्हा तो तास खरंच तासाचा होता का, हे ती सांगते. बहुधा नसतो.

आता उंची. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे फोन खोटं बोलत नाही तरी आपण फसतो. कळसूबाई १६४६ मीटर, हे आपल्याला पाठ आहे. पण काही अ‍ॅप्स शिखरावर त्याहून साठेक मीटर कमी दाखवतात. मुंबईत चौपाटीवर उभं राहून तीच अ‍ॅप्स उघडलीत तर उंची उणे साठच्या पलीकडे! कारण असं, की उपग्रह मोजतात ती उंची पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासूनची. आपण म्हणतो ती 'समुद्रसपाटी' गुरुत्वाकर्षणानुसार वरखाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ही सपाटी त्या लंबगोलापेक्षा शंभरावर मीटर खाली आहे, जगातला सगळ्यांत मोठा खळगा, आणि त्याची उतरण आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेली आहे. काही अ‍ॅप्स हा फरक दुरुस्त करून आकडा देतात, काही देत नाहीत. ओळखायची युक्ती सोपी. समुद्रकाठी जाल तेव्हा आकडा बघा. शून्याच्या आसपास असला तर ठीक. नाहीतर त्या अ‍ॅपची उंची लेखात घालू नका, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरची घ्या. विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे ओपन सिरीज नकाशे आता घरबसल्या मिळतात. पूर्वी हे नकाशे मिळवायला काय खटपट करावी लागे, ते इथल्या पिकल्या केसांना विचारा.

फोटोंबद्दल थोडक्यात. प्रत्येक फोटोच्या पोटात वेळ असते, आणि परवानगी दिली असेल तर जागाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की ही माहिती गळते आणि फोटोही बारीक होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. संपादकाला तर तसाच पाठवा, कृपा करून.

माणसांचं बोलणं रेकॉर्ड करा, अर्थात विचारून. बोलून टंकायची सोय गूगलने मराठीला २०१७ मध्ये दिली आणि माझ्या पिढीचे अंगठे वाचले. पण तिला पुस्तकी मराठी बरी समजते. आगरी बोलणाऱ्या आजीचं किंवा अहिराणीतलं वाक्य ती परस्पर 'शुद्ध' करून टाकते, आणि वाडीचं नाव तर हमखास बिघडवते. मूळ आवाज पुसू नका. लेखातला जिवंत भाग बहुतेकदा यंत्राने बिघडवलेल्या त्या मूळ वाक्यातच असतो.

घरी आल्यावरची साधनं मला अधिक प्रिय आहेत. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेली मुंबई इलाख्याची गॅझेटिअर (जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ), म्हणजे नाशिक १८८३, अहमदनगर १८८४, पुणे १८८५, इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. घाट, आठवडी बाजार, जकात, कुठल्या गडावर किती टाकी, सगळं आहे. मात्र शोधताना एक खोच लक्षात ठेवा. त्या ग्रंथांत 'आ' दाखवायला इंग्रजी 'ए'वर तिरकी रेघ दिलेली आहे. छापील पान वाचणारं यंत्र तिला 'डी' समजतं. त्यामुळे 'नाशिक' शोधून मिळत नाही, कारण तिथे 'एन'नंतर 'डी' बसलेला असतो! नाणेघाटाचं तर विचारूच नका. तेव्हा त्या 'ए'च्या जागी 'डी' घालूनही शोधा, नाहीतर सरळ अनुक्रमणिका उघडून पान गाठा. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात छापलेले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नेटवर ठेवलेत. उजनी धरणाआधीची भीमा कशी वाहत होती, हे त्यावर दिसतं. पळसदेवच्या, उजनीच्या पाण्यात गेलेल्या देवळावर लिहिणाऱ्यांनी तो नकाशा बघायलाच हवा, आणि फार थोडे बघतात.

आपलं लिखाण टिकवायचं कसं, हाही प्रश्न आहेच. पॅनोरामिओ आठवतं? नकाशावर जगभरच्या प्रवाशांचे फोटो. गूगलने ते विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. ब्लॉगचा मजकूर साध्या युनिकोड फाइलमध्ये स्वतःकडे ठेवा आणि प्रसिद्ध केल्यावर वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत जमा करा. मिनिटभराचं काम आहे.

शेवटी, मघाचे दशांश आकडे पुन्हा काढते, पण उलट्या कामासाठी. गिधाडांचं घरटं, दुर्मिळ आमरी (ऑर्किड), देवराईतली जुनी मूर्ती, यांची अचूक जागा तुमच्याकडे असेल. ती लेखात द्यायची का? आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातीची नोंद केली, की ते आपोआप जागा धूसर करतं. अंशाच्या एक पंचमांश चौकोनात, म्हणजे वीसेक किलोमीटरच्या टापूत कुठेतरी, एवढंच वाचकाला कळतं. आपल्या ब्लॉगवर असं कुणी करून देत नाही. घरट्याजवळच्या फोटोतली जागेची माहिती चढवण्याआधी काढून टाका. फोटोत ओळखीचा सुळका दिसत असेल तर तो फोटोच बदला, कारण सुळका ओळखणारे शंभर जण याच सभागृहात बसलेत. लेखात तालुका द्या आणि पुढे जा. मला 'नेमकं कुठे?' अशी पत्रं येतील. ती मी सांभाळते.