दाढेखालचा दाणा

शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

परवा मोंढ्यात एका अडतीवर उभा होतो. खरेदीदारानं एका काकांच्या सोयाबीनच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतली मूठ काढली आणि एक दाणा दाढेखाली धरला. वाळलेला दाणा कट्‌कन फुटतो. हा चेपला. "हवा आहे, काका," म्हणजे माल ओला आहे, एवढंच बोलला आणि ४,००० च्या भावातून क्विंटलमागे ५०० रुपये खाली उतरला.

आता हिशेब करू. सोळा टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन बारा टक्क्यांवर आणलं, तर साडेपंच्याण्णव किलो भरतं. म्हणजे पाणी गेलं साडेचार किलो. ४,००० च्या भावानं त्याचे झाले साधारण १८० रुपये. तेवढे कापले तर रास्त. ५०० कापले, तर वरचे ३२० कशाचे?

खरेदीदाराची बाजूही आहे, ती नाकारत नाही. आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो, पण लातूरच्या कारखान्यात गेलेल्या क्विंटलातून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. उरते ती पेंड, ऐंशी किलोच्या घरात. दाणा भरडून त्याचे पोह्यासारखे पातळ पापुद्रे करतात, हेक्झेन नावाच्या द्रावकानं त्यातलं तेल धुऊन घेतात. ओल्या दाण्याचे पापुद्रे नीट होत नाहीत, शिवाय साठवणीत बुरशी धरते. म्हणून आधी वाळवणं, त्याला इंधन. आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. तिथं आता इथेनॉल कारखान्यांतला मक्याचा चोथा स्वस्तात मिळतोय. तेल महागलं तरी आपला भाव का हलत नाही, त्याचं मोठं कारण इथं आहे.

२०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. खरेदी केंद्रावर नियम बारा टक्क्यांचा. २०२४ साली एकदा पंधरापर्यंत सूट मिळाली होती, पण त्या भरवशावर राहू नका. माल नेताना गावातल्या कुणाकडे ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आधी मोजून घ्या. आणि बियाण्याचे दोन कट्टे हडंब्याचा, म्हणजे मळणी यंत्राचा, वेग कमी करून वेगळे काढा. या दाण्याचं साल फार नाजूक, आपटलं की उगवण गेली.

काकांनी त्या दिवशी कट्टे परत टेम्पोत टाकले. भाडं अंगावर पडलं. सध्या माल अंगणात ताडपत्रीवर पसरलाय, आणि नातू दिवसातून चारदा त्यातून पाय ओढत फिरतो.