पोरं तुझ्यावर गेली

मंडळी, बाहेर फळ्यावर विषय बरोबर लिहिलाय, 'विनोदी कंट्री प्रेमगीत कसं लिहावं'. अध्यक्षांनी ओळख करून देताना मात्र 'ग्रामीण गीतं' म्हटलं. तेव्हा ढोलकी ऐकायला जे आलेत त्यांची आधीच माफी मागतो. कंट्री म्हणजे अमेरिकेतलं, गिटार-फिडलवालं. नोकरीनिमित्त दोन वर्षं टेनेसीत होतो, नॅशव्हिलपासून अर्ध्या तासावर. जाता-येता गाडीत रेडिओ. पहिले सहा महिने वाटायचं, रोज एकच गाणं लावतात. बायको गेली, कुत्रा मेला, ट्रक बंद पडला. मग हळूहळू शब्द कळायला लागले, आणि एका गाण्याला इतका हसलो की वळण चुकून पुढच्या गावात पोचलो.

ते होतं लोरेटा लिन आणि कॉन्वे ट्विटी यांचं, 1978 सालचं. नवरा-बायकोचं द्वंद्वगीत. पोरं कुरूप निघाली ती तुझ्यामुळे, हा त्याचा मथळाच! दोघं आळीपाळीने एकमेकांचे वाभाडे काढतात आणि ध्रुपदात कबूल करतात, रूप म्हणजे सगळं नाही, पैसा म्हणजे सगळं नाही, प्रेम आहे तेवढं आहेच.

म्हटलं, हे मराठीत आणायचं. आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. हॉल, 120 पानं, पहिल्या रांगेत सासूबाई. गाणं तयार होतं, 'पोरं तुझ्यावर गेली'. पहिलं कडवं माझं, तिच्या नाकाबद्दल. दुसरं तिचं, माझं टक्कल आणि घोरणं. आठ दिवस स्वयंपाकघरात तालीम केली. कुकरच्या शिट्टीवर ठेका धरलेला. आणि त्याच दिवशी सकाळी हिचा घसा बसला. मला अजूनही कळलेलं नाही, घसा बसला होता की ती बसली होती.

मी काय केलं? एकट्याने म्हटलं. तिचं कडवं मला कसं म्हणता येणार? म्हणून माझंच दोनदा म्हटलं. नाक दोनदा आलं. पहिल्या वेळी मागून थोडं हसू आलं, दुसऱ्या वेळी कीबोर्डवाल्याने हात काढून घेतला. मुलगी व्हिडिओ काढत होती, तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. मुलगा गुलाबजामची वाटी घेऊन खांबामागे गेला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, नातवंडं माझी आहेत." मेव्हण्याने माइकची वायर काढली. लोकांना वाटलं लाइट गेले. बरं, घशाचं म्हणाल, तर रात्री गाडीत बसल्यावर आवाज खणखणीत. घरी पोचेपर्यंत मी फक्त ऐकत होतो.

नॅशव्हिलमध्ये ब्लूबर्ड कॅफे म्हणून जागा आहे, 1982 पासूनची. दुकानांच्या ओळीत एक साधा गाळा, नव्वदेक खुर्च्या. गाणी लिहिणारे मधोमध गोल करून बसतात, आपापलं गाणं म्हणतात, कसं सुचलं तेही सांगतात. ऐकताना कुणी कुजबुजलं की लोक दटावतात. मागच्या रांगेतल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' अहो, 'कसं लिहावं' अजून सुरूच व्हायचंय! बरं, धावत सांगतो.

टोपी स्वतःची उडवायची. द्वंद्वगीतात उडवणाराच पुढच्या कडव्यात सापडतो, म्हणून ते गोड लागतं. एकट्याने म्हटलं की नुसती शिवीगाळ होते, हे मी 120 पानांच्या खर्चात शिकलो.

मग हुक. म्हणजे ज्या शब्दात गाणं अडकतं तो आकडा. गायक ब्रॅड पेस्लीचं गाणं, 2002. बायको म्हणते, एक तर मी नाही तर मासेमारी, निवड. नवरा गळ टाकून बसलेला, म्हणतो, तिची आठवण येईल हं. बस, एवढंच. पण ऐकणाऱ्याला तोवर पत्ता लागू द्यायचा नाही.

मराठीची अडचण इथेच आहे. आपलं क्रियापद येतं शेवटी. गंमत एक शब्द आधी संपते आणि मागे 'आहे' लोंबत राहतं. उखाण्याने ते केव्हाच ओळखलं. 'भाजीत भाजी मेथीची, अमकी माझ्या प्रीतीची.' शोधा 'आहे', सापडणार नाही. दुसरा मार्ग माझा लाडका, गंमत क्रियापदातच लपवायची. लागणं, बसणं, पडणं, मारणं, एकेकाचे वीस-वीस अर्थ! हे माझंच, एसटी स्टँडवरचं:

चारापासून स्टँडावरती गडी एकटा जागला,
डोळा होता तिच्यावरती, तोच नेमका लागला!

हसलात ना? 'लागला' आल्यावर हसलात, आधी नाही. आणि स्टँड खरा हवा, चार वाजले तर चारच. गीतकार हार्लन हॉवर्ड म्हणायचा, कंट्री म्हणजे तीन कॉर्ड, म्हणजे गिटारवरचे तीन स्वरमेळ, आणि खरं बोलणं. खऱ्यावर अजून अर्धा तास बोलणार होतो, राहू दे.

अध्यक्ष उठले. एकच मिनिट, साहेब. 'पोरं तुझ्यावर गेली'चं दुसरं कडवं आज पहिल्यांदा जाहीर व्हायचंय. ती तिसऱ्या रांगेत बसलीय, कालच कबूल झालीय. ये गं, माइक चालू आहे.

काय? परत बसला?